७१ नंबरची ट्राम

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटाच आहे. 'युरोपच्या ट्रिपवर एक भाग कर ना' असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं आणि मी टाळत होतो. कारण सांगायला लाज वाटत होती. व्हिएन्नाला बारा दिवस राहून मी शोनब्रुनचा राजवाडा बाहेरून पाहिला, ऑपेरा बाहेरून पाहिला, आणि तो प्रसिद्ध साखरटॉर्टं नावाचा चॉकलेट केक खाल्ला, जो मला कोरडा लागला. बाकी सगळा मोकळा वेळ दफनभूमीत आणि बागेत गेला. आईला हे कळलं तेव्हा ती काय म्हणाली ते पुढे सांगतो.

तर झालं असं. ऑफिसच्या कामासाठी गेलो होतो. क्लायंटकडे काम साडेचारला संपायचं, म्हणजे खरंच संपायचं, लोक लॅपटॉप मिटून उठायचे. एप्रिलचा शेवट. रात्री आठपर्यंत उजेड. आणि माझं हॉटेल स्वस्तातलं असल्यामुळे शहराच्या मध्यापासून लांब, ७१ नंबरच्या ट्रामच्या रस्त्यावर. पहिल्याच दिवशी ऑफिसमध्ये सांगितलं की मी ७१ने येतो, तर दोघं-तिघं हसले. मग कळलं की व्हिएन्नात एखादा माणूस गेला की 'त्याने ७१ पकडली' असं म्हणतात. आपण 'वर गेला' म्हणतो ना, तसं. कारण ही ट्राम झेंट्रालफ्रीडहोफला, म्हणजे शहराच्या मुख्य दफनभूमीला जाते. यात नुसता विनोद नाही. १९१८ साली, महायुद्ध चालू, घोडे मिळेनात आणि वर स्पॅनिश फ्लू, तेव्हा शवपेट्या खरोखरच ट्रामने नेत होते.

हे ऐकल्यावर मी त्या संध्याकाळी हॉटेलच्या थांब्यावर उतरलोच नाही. पुढे गेलो.

पहिली गंमत म्हणजे या एका दफनभूमीला ट्रामचे वेगवेगळे थांबे आहेत. फाटक एक, फाटक दोन, फाटक तीन. जागा अडीच चौरस किलोमीटर. आत बस फिरते, थांब्यांसकट. १८७४ मध्ये सुरू झाली आणि आजवर तिथे सुमारे ३० लाख माणसं पुरली गेली. व्हिएन्नाची जिवंत लोकसंख्या २० लाखांच्या आसपास आहे. म्हणजे बहुमत यांचं.

प्रसिद्ध लोक बघायचे असतील तर फाटक दोन. तिथून सरळ आत गेलात की बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स, श्ट्राउस असे सगळे एकाच घोळक्यात. मला आधी वाटलं, काय योगायोग, सगळे शेजारी शेजारी! योगायोग अजिबात नाही. दफनभूमी नवी झाली तेव्हा शहरापासून इतकी लांब की लोक यायला तयार नव्हते. मग नगरपालिकेने मोठी माणसं आणून ठेवली. बेथोवन १८२७ मध्ये वारला, शूबर्ट १८२८ मध्ये, आणि दोघांना १८८८ मध्ये जुन्या जागेतून उकरून इथे हलवलं. नवीन मॉल चालावा म्हणून आधी मोठ्या ब्रँडला जागा देतात, तसा प्रकार. प्रॉडक्टवाल्यांना हे लगेच कळेल.

मी बेथोवनसमोर उभा होतो आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा फिरवून दाखवला. आई म्हणाली, "अरे, तिन्हीसांजेला स्मशानात काय करतोयस?" मी म्हटलं, "आई, बाग आहे गं, बघ ना, लोक मुलांना घेऊन आलेत." ती म्हणाली, "असू देत. रूमवर गेलास की आधी डोक्यावरून अंघोळ कर, मग जेव." मी केली. खोटं नाही सांगत.

पण लोक खरंच आले होते. कुणी पळत होतं, कुणी सायकलवर होतं. एक आजी पाण्याची झारी घेऊन एका थडग्यावरची रोपं भिजवत होत्या, आपण गॅलरीतली तुळस भिजवतो इतक्या सहज. मधेच गवतातून हॅम्स्टर पळाला. रानटी हॅम्स्टर, दुकानातले नव्हेत. ही जात युरोपभर नामशेष व्हायला आलीये आणि व्हिएन्नाच्या दफनभूम्यांमध्ये मात्र मजेत आहे, कारण थडग्यांवरच्या मेणबत्त्यांचं मेण त्यांना खायला मिळतं. डोकं दिव्याच्या डबीत घालून खातात.

आता माझ्यासारख्या मंडळींसाठी दोन थडगी सांगतो, ही चुकवू नका. एक लुडविग बोल्ट्झमन. पांढरा अर्धपुतळा आणि डोक्यावर कोरलेलं फक्त सूत्र, एस इज इक्वल टू के लॉग डब्ल्यू. एन्ट्रॉपी. बीटेकच्या दुसऱ्या सेमिस्टरला मी हे पाठ करून गेलो होतो आणि पेपरात विसरलो होतो. गंमत अशी, की या रूपात ते सूत्र बोल्ट्झमनने लिहिलंच नव्हतं, ते नंतर माक्स प्लांकने लिहिलं. १९०६ मध्ये बोल्ट्झमनने आत्महत्या केली. अणू असतात हे तो आयुष्यभर वाद घालून सांगत राहिला आणि ते सगळ्यांनी मान्य केलं ते तो गेल्यावर.

दुसरी हेडी लामार. हॉलिवूडची नटी, जन्म व्हिएन्नाचा. तिने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने १९४२ मध्ये फ्रीक्वेन्सी हॉपिंगचं पेटंट मिळवलं, पाणतीराचा रेडिओ सिग्नल शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून. इंटरनेटवर तिला 'वायफायची आई' म्हणतात, ते जरा जास्तच होतं. पण ब्लूटूथ फ्रीक्वेन्सी बदलत बदलतच चालतं, आणि माझ्या कानात तेव्हा ब्लूटूथचेच इअरफोन होते. ते मी काढून ठेवले. तिचं स्मारक स्टीलच्या सळ्यांचं आहे, वर गोळे, आणि ठराविक जागेवरून बघितलं की त्या गोळ्यांमधून चेहरा दिसतो. ती २००० साली अमेरिकेत गेली. राख व्हिएन्नाच्या जंगलात पसरायची असं तिने सांगून ठेवलं होतं आणि मुलाने ते केलं. शहराने तिला इथे मानाची जागा दिली ती २०१४ मध्ये.

राख पसरायची म्हटल्यावर मी तिथे जरा थबकलो. त्याचं कारण सांगतो, पण आधी मोझार्ट.

बेथोवनच्या घोळक्यात मध्यभागी मोझार्टचंही स्मारक आहे, पण खाली मोझार्ट नाही. तो १७९१ मध्ये गेला आणि त्याला सांक्ट मार्क्स नावाच्या दुसऱ्या दफनभूमीत पुरलं. ती याच ७१च्या वाटेवर, शहराच्या बाजूला आहे. सिनेमात दाखवतात तसं भिकाऱ्यासारखं खड्ड्यात फेकून दिलं नव्हतं. तेव्हाची सर्वसामान्य माणसाची पद्धतच ती होती. सम्राट दुसरा योसेफ मोठा सुधारक आणि काटकसरी. त्याने गावातल्या दफनभूम्या बंद करून वेशीबाहेर नेल्या, थाटमाट कमी केला, आणि १७८४ मध्ये तर पुन्हा पुन्हा वापरता येणारी शवपेटी आणली. तळाला झडप. पेटी खड्ड्यावर धरायची, कळ दाबायची, मृतदेह खाली, पेटी पुढच्या माणसाला. लोक इतके भडकले की पुढच्याच वर्षी हुकूम मागे घ्यावा लागला. मोझार्ट गेला तोवर ही पेटी गेली होती, पण थडग्यावर नाव नसायचं आणि काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरायचे. बायको शोधायला गेली तेव्हा नक्की जागा कुणालाच सांगता आली नाही.

ती झडपेची पेटी झेंट्रालफ्रीडहोफच्या म्युझियममध्ये आहे, जरूर बघा. शेजारीच एक दोरी आणि घंटा आहे. चुकून जिवंत पुरलं गेलो तर वाजवायला. आमच्या भाषेत मॉनिटरिंग अलर्ट.

सांक्ट मार्क्स १८७४ मध्ये बंद झाली, आता ती बाग आहे. एप्रिल-मेमध्ये गेलात तर सगळीकडे लायलॅक फुललेला असतो, जांभळा, आणि वास असा की मेंदू जरा वेळ बंद पडतो. बाजूने हायवे जातो. त्याचा आवाज सतत येतो, थोड्या वेळाने समुद्रासारखा वाटायला लागतो. मोझार्टच्या अंदाजे जागेवर एक मोडका खांब आणि डोक्याला हात लावून उभा असलेला छोटा देवदूत आहे. मूळ स्मारक झेंट्रालफ्रीडहोफला हलवल्यावर इथल्या राखणदाराने इतर थडग्यांचे पडलेले तुकडे जमवून हे उभं केलं. मला हे आधीच्या संगमरवरापेक्षा जास्त आवडलं. जे हाताशी होतं त्यातून एका माणसाने केलेलं काम.

बागांबद्दलही विचारलं होतं, तर आउगार्टनला जा, बाकी यादी करत बसू नका. याच योसेफने १७७५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. चेस्टनटच्या सरळ रांगा, आणि त्यामधून वर आलेले दोन प्रचंड काँक्रीटचे बुरूज, हिटलरच्या काळातले, विमानविरोधी तोफांसाठी बांधलेले. त्यांच्या सावलीत लोक सतरंजी टाकून झोपतात. मी पण झोपलो.

आता ते कारण.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मे २०२१ मध्ये सांगलीत गेले. कोविड. मी पुण्यात, स्वतः पॉझिटिव्ह, एका खोलीत बंद. अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर पाहिले. चुलतभावाने लांब उभं राहून फोन धरला होता. काका निळ्या किटमध्ये, ओळखूसुद्धा येत नव्हते. अग्नी द्यायच्या आधी चित्र अडकलं. काकांचा हात वर, आणि मध्ये 'रीकनेक्टिंग' असं गोल गोल फिरतंय. परत जोडलं गेलंच नाही. मी नेटवर्क कोडवर काम करतो, टाइमआउट हा माझा रोजचा विषय, आणि मी त्या फिरणाऱ्या गोलाकडे किती वेळ बघत बसलो होतो मला आठवत नाही. सोमवारी स्टँडअपला 'नो ब्लॉकर्स' म्हणालो. नंतर कधी सांगलीला गेलो की अण्णांच्या फोटोला नमस्कार करायचो आणि विषय बदलायचो. अस्थी कुठे सोडल्या, कुणी सोडल्या, मी विचारलं नाही. चार वर्षं.

म्हणजे त्या झारीवाल्या आजींकडे बघून मला भारी वाटत होतं ते नुसतं भारी नव्हतं. हेवा होता. त्यांना जायला जागा होती. अर्थात ती कायमची नसते हेही नंतर कळलं. तिथे थडग्याचा हक्क ठराविक वर्षांचा असतो, मुदत संपली की पैसे भरून वाढवायचा, नाही भरले तर जागा परत जाते. सबस्क्रिप्शनच. 'आपली पद्धत बरी, पाण्यात सोडलं की मोकळं' असं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं. पटलं नाही.

शेवटच्या रविवारी मी फ्रीडहोफ डेर नामेनलोझेनला गेलो. नाव नसलेल्यांची दफनभूमी. 'बिफोर सनराइज' पाहिला असेल तर त्यात दिसते. मेट्रो, मग बस, आणि उतरल्यावर वाटतं आपण चुकलो. आल्बर्न बंदर, धान्याची उंच गोदामं, ट्रक. बांध चढून पलीकडे उतरलं की झाडांत एक लहानसं अंगण आणि काळे लोखंडी क्रूस. बऱ्याच क्रूसांवर एकच शब्द, 'नामेनलोस'.

इथे डॅन्यूब नदीला भोवरा होता, आणि वरून वाहत आलेली प्रेतं याच वळणावर काठाला लागायची. बुडालेले, जीव दिलेले, कुणी मारून टाकलेले. पुरायला सुरुवात झाली १८४० मध्ये. जुना भाग पुराने आणि जंगलाने गिळला, म्हणून १९०० मध्ये बांधामागे हा नवा भाग केला, त्यात शंभरावर लोक आहेत. १९४० मध्ये थांबलं, कारण बंदर झाल्यावर प्रवाह बदलला आणि प्रेतं यायची बंद झाली. योसेफ फुक्स नावाच्या माणसाने पुढे कित्येक वर्षं पदरचा वेळ घालून ही थडगी राखली. आजही कुणीतरी राखतंच. प्रत्येक क्रूसाशी काहीतरी होतं. प्लास्टिकची फुलं, दिवा, एकावर मऊ खेळणं. ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांच्यासाठी.

बाकावर बसून फोनवर वाचत होतो, तेव्हा हे सापडलं. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, ऑल सेंट्सनंतरच्या रविवारी, आल्बर्नचे मासेमार फुलांनी सजवलेला एक तराफा डॅन्यूबमध्ये सोडतात, नदीत गेलेल्यांसाठी. त्यावर जर्मन, स्लोव्हाक आणि हंगेरियनमध्ये लिहिलेलं असतं, कारण नदी पुढे त्या देशांमधून जाते. आणि विनंती असते, की हा तराफा तुमच्या काठाला अडकला तर कृपा करून पुढे ढकला.

मी आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. मी सरळच विचारलं, "आई, अण्णांच्या अस्थी कुठे सोडल्या?"

थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाली, "हरिपूरला सोडल्या म्हणाले. मी कुठे गेले होते? मला कोण नेतंय? तुझ्या काकालाच विचार." आणि मग म्हणाली, "मला पण बघायचं होतं रे."

पंधरा वर्षं अण्णांचा सकाळचा चहा तिने केला होता. आणि मी समजत होतो की हे न बघणं फक्त माझंच आहे.

काकांना फोन केला. काका कमी बोलतात. म्हणाले, मडक्यावर चिकटपट्टी लावून नंबर टाकलेला होता, नाव नव्हतं. रांगेत मडकी होती. "मी चारदा नंबर जुळवून बघितला." हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते तिथे, गुरुजी नाहीत, कुणी नाही, लांबून पोलीस हात करतायत, लवकर आटपा. "मंत्र काही येईना मला. मग मोठ्यानं अण्णांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, अन् सोडलं." मी म्हटलं, "काका, बरं केलंत." ते म्हणाले, "बरं काय त्यात. नाव तरी घ्यायला नको?"

फोन ठेवल्यावर मी तिथल्या एका विझलेल्या दिव्याशी खटपट करत होतो, काडेपेटी नव्हती. एका बाई कुत्रा घेऊन आल्या होत्या, त्यांनी लायटर दिला. काही बोललो नाही दोघंही. बसची वेळ झाली होती, रविवारी बस कमी असतात. जाणार असाल तर परतीची वेळ आधी बघून ठेवा, आणि पाण्याची बाटली न्या. लोक खरोखर कुणाला तरी भेटायला आलेले असतात, तेव्हा फोटो त्यांचे काढू नका, क्रूसांचे काढा.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आई, मी आणि काका हरिपूरला गेलो. संगमेश्वराचं दर्शन घेतलं, घाट उतरलो. आईने घरून फुलं आणली होती आणि थर्मासमध्ये चहा. चहा कशाला ते मी विचारलं नाही. तिने झाकणात ओतला, थोडा पाण्यात सोडला आणि काकांना म्हणाली, "नक्की कुठे हो, भावजी?"

काकांनी बोट दाखवलं. "तिथं एक दगड होता, त्याच्यावर उभा होतो. तेव्हा पाणी कमी होतं. आता तो खाली गेलाय."

आम्ही जरा वेळ तिकडेच बघत उभे राहिलो. मग काका म्हणाले, चहा उरलाय का.

चला, आज इथेच थांबतो. पुढच्या भागात पाहुणे आहेत.